विकणाऱ्यांची यादी

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला फरहा कागदीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि कॉम्प्युटरवर शेअर बाजाराची त्या दिवसाची मोठ्या सौद्यांची यादी उघडली. जुन्नरला तहसील कचेरीजवळच्या बोळात तिचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, दिवसभर हेच. पण गिऱ्हाईक पांगलं की ती एक काम स्वतःच्या हौसेने करायची. कोणत्या कंपनीचे शेअर मोठ्या संस्थांनी घेतले, कोणत्या संस्थांनी विकले, ते बघायचं आणि एका लांबट रजिस्टरात लिहून ठेवायचं.

त्या दिवशी यादी खाली सरकवता सरकवता तिचं बोट थांबलं. निर्झरा पंप्स. विकणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं ग्रेमूर ओव्हरसीज फंड.

तिने चष्मा ओढणीला पुसला आणि पुन्हा वाचलं. सोमवारी हेच नाव घेणाऱ्याच्या रकान्यात होतं. सोमवारचं ते पान मंचरच्या आदेशने त्याच्या शेअरच्या व्हॉट्सॲप गटातल्या नऊशे लोकांना पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'परदेशी संस्था शिरली! आता हा पाचशेच्या आत थांबत नाही.' आजचं पान मात्र कुणीच पाठवलं नव्हतं. सोमवारी घेतलेलं सगळं तर त्या फंडाने विकलं होतंच, वर त्याच्या दुप्पट माल काढला होता. म्हणजे त्यांच्याकडे आधीपासून साठा होता. सोमवारची खरेदी नुसती दाखवण्यापुरती.

निर्झराचे चोवीसशे शेअर फरहाच्या सासऱ्यांच्या नावावर होते.

फरहाला ही विद्या लग्नाआधी मिळाली. मंचरला एका शेअर दलालाच्या कार्यालयात ती चार वर्षं टायपिंग करत होती. दर तीन महिन्यांनी कंपन्या आपल्या मालकीची यादी जाहीर करतात. मूळ मालकाकडे किती, म्युच्युअल फंडांकडे किती, परदेशी संस्थांकडे किती आणि उरलेल्या किरकोळ लोकांकडे किती. त्या याद्या उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे असे. तिथले म्हातारे साहेब सांगायचे, "पोरी, मोठी माणसं टीव्हीवर काय बोलतात ते ऐकू नकोस. ती काय करतात ते यादीत बघ." तिला ते आवडून गेलं. लोक क्रिकेटचे आकडे तोंडपाठ करतात तशी ती हे आकडे लक्षात ठेवी. स्वतःचे शेअर मोजून आठ-दहा. पण बोळात तिला सगळे 'शेअरवाली भाभी' म्हणत.

मात्र तिचं एकदा चुकलंही होतं. घोडेगावात बेकरी चालवणाऱ्या हमजाला, तिच्या सख्ख्या भावाला, तिने एका औषध कंपनीचे शेअर विकायला लावले होते, कारण संस्था विकत होत्या. त्यानंतर दोन वर्षांत तो शेअर तिप्पट झाला. हमजा अजून प्रत्येक ईदला ते काढायचा. संस्था विकतात त्याला शंभर कारणं असतात, हे तिला तेव्हा अंगावर आल्यावर कळलं. त्यामुळेच जानेवारीत निर्झराची यादी आली तेव्हा ती गप्प बसली होती. जूनमध्ये म्युच्युअल फंडांकडे जवळपास सात टक्के होते, सप्टेंबरात दोन, डिसेंबरात शून्य. आणि किरकोळ लोक नऊ हजारांवरून एक लाखाच्या पुढे गेले होते. तिने ते रजिस्टरात लिहिलं, खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि रजिस्टर मिटलं.

आता गप्प बसून भागणार नव्हतं.

रात्री जेवणावर तिने अन्सारचाचांपुढे दोन्ही पानं ठेवली. तिचे सासरे अन्सारचाचा अडुसष्ट वर्षांचे. मंचरच्या बाजार समितीजवळ त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. कांद्या-बटाट्याच्या व्यापाऱ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. जन्मभराची शिल्लक त्यांनी पिंपरी पेंढारच्या भिमाजीच्या सांगण्यावरून निर्झरात घातली होती. ब्याण्णव रुपयांना घेतलेला शेअर आज तीनशे दहाला होता.

"अब्बा, उद्या विकून टाका."

चाचांनी भाकरीचा तुकडा तोडला. "का?"

तिने समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "बेटी, हमजाला पण तू असंच सांगितलं व्हतं ना?"

फरहाचा नवरा तौहीद नारायणगावच्या डेपोत मेकॅनिक. त्याने ताटातून मान वर केली नाही.

"माझं तेव्हा चुकलं," फरहा म्हणाली. "पण तिथे संस्था विकत होत्या तेव्हा दुसऱ्या संस्था घेत होत्या. मी ते बघितलं नव्हतं. इथे घेणाऱ्यात एकही मोठं नाव नाही. सगळा माल आपल्यासारख्यांच्या गळ्यात आलाय."

"भिमाजी माझा चाळीस वर्षांचा दोस्त हाय. तो अजून घेतोय. आणि मी पाठीमागून इकू? विषय बंद."

शुक्रवारी साडेसातच्या गाडीने चाचा मंचरला गेले. सव्वानऊला बाजार उघडला आणि निर्झरा वर गेला. तीनशे पंधरा. तीनशे वीस. फरहासमोर एक बाई जातीच्या दाखल्याचे कागद घेऊन बसली होती. फरहाने तिच्या नावात दोनदा चूक केली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा हिरवाच होता. दहाला भिमाजीचा फोन आला. त्याचा आवाज उसात पाणी सोडल्यासारखा मोकळा.

"सूनबाई, अन्सार म्हनत व्हता तू घाबरलीयास. अगं बघ की जरा, इमानावानी उडालंय! म्या आज अजून पाचशे घेतले."

"कितीला घेतले काका?"

"तीनशे एकोनीसला. का गं?"

"सहज," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. हा माणूस ज्याच्याकडून पाचशे शेअर घेतोय, तो विकणारा कोण आहे ते याला माहीतच नाही. साडेअकराला तिने दुकानाला कुलूप लावलं, दोन्ही पानं आणि रजिस्टर पिशवीत घातलं आणि मंचरची एसटी पकडली.

कळंबजवळ ट्रकांची रांग लागली होती. बाजार साडेतीनला बंद होतो. नंतर शनिवार-रविवार. ती घड्याळाकडे बघत राहिली. मंचरला उतरली तेव्हा एक वाजून गेला होता आणि चाचांच्या दुकानाला फळी लावलेली. शेजारचा सुतळीवाला म्हणाला, "जुम्म्याची नमाज न्हाई का आज? येतील दोन-सव्वादोनला."

ती फळीजवळच्या पेटीवर बसली. मोबाइलवर तीनशे बावीस. कांद्याच्या गोण्यांची धूळ घशात जात होती. आपण चुकत असू तर, हा एकच विचार. सासऱ्यांनी आज विकले आणि सोमवारी शेअर चारशेवर गेला, तर या घरात आपण परत कधी तोंड उघडायचं?

सव्वादोनला चाचा आले, आणि त्यांच्याबरोबर आदेशही. आदेश पस्तिशीचा, खताच्या दुकानाचा मालक. मोकळ्या स्वभावाचा, लग्नकार्यात पुढे असणारा माणूस. फरहाला बघून चाचांचा चेहरा उतरला. "तू इथं?"

फरहाने पानं पेटीवर पसरली. "आदेशभाऊ, सोमवारचं पान तुम्ही सगळ्यांना पाठवलंत. हे कालचं. हे का नाही पाठवलं?"

आदेशने पान हातात घेतलं. मग हसला. "भाभी, हे फंडवाले इकडचा माल तिकडं करतात. एका खिशातून दुसऱ्या खिशात. त्यात काय?"

"मग दुसरा खिसा दाखवा ना. घेणाऱ्यांच्या बाजूला मोठं नाव असेल तर बोट ठेवा. एक दाखवा, मी इथूनच परत जाते."

सुतळीवाला उठून आला. आणखी दोन हमाल उभे राहिले. आदेशने पान वरून खाली पाहिलं, उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"तुम्ही लोकांना घाबरवताय," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "नऊशे माणसं माझ्या शब्दावर हायेत. तुमच्या असल्या बोलण्यानं शेअर पडला तर जबाबदार कोण? तुम्ही?"

तो निघून गेला. फरहाने पानं गोळा केली. चाचा काट्याच्या पारड्याजवळ उभे होते. त्यांनी पारड्यावरची धूळ हाताने पुसली. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली.

"बोट न्हाई ठेवलं त्यानं," ते स्वतःशीच म्हणाले.

"नाही ठेवलं."

"अर्धे इकतो. सगळे न्हाई. भिमाजीला काय त्वांड दाखवू?"

तिने वाद घातला नाही. चाचांनी मोबाइल पुढे केला. शेअर विकायचे तर आधी सहा आकडी पिन लागतो आणि मग मोबाइलवर ओटीपी येतो. चाचांना पिन आठवेना. एकदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. शेवटी त्यांनी पाकिटातल्या फोटोमागे लिहिलेला आकडा शोधून काढला. मग ओटीपी येईना. बाजारात नेटवर्क अडकलं होतं. मोबाइल उंच धरून फरहा रस्त्यापलीकडे गेली, हायवेच्या कडेला उभी राहिली. तीन वाजून अठरा मिनिटांनी मेसेज वाजला. तीन बावीसला बाराशे शेअर तीनशे बावीसच्या भावात गेले. घेणारा लगेच मिळाला, भिमाजीसारखाच कुणीतरी. तेच तिला जास्त भयंकर वाटलं.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले होते.

सोमवारी सव्वानऊला निर्झरा तीनशे सहावर उघडला आणि तिथेच गोठला. या शेअरला एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त पडू द्यायचं नाही, असा नियम होता. त्या खालच्या पायरीवर विकणाऱ्यांची अठरा लाखांची रांग लागली आणि घेणाऱ्यांच्या जागी शून्य. मंगळवारी पुन्हा तसंच. बुधवारीही.

सोमवारी दुपारीच भिमाजी दुकानात आला. एरवी चहा मागणारा माणूस, आज दारातच उभा राहिला.

"झालं समाधान? मंचरला जाऊन बोंब मारलीस, आन आज हे! अर्ध्या तालुक्यात हेच चाललंय, अन्सारच्या सुनंनं शेअर पाडला."

"काका, अठरा लाख शेअर माझ्या बोलण्याने विकायला येतील का?"

"मला शिकवू नगंस." त्याचे डोळे लाल होते. "अन्सारनं शुक्करवारी इकलं. मला सांगितलं न्हाई."

ही गोष्ट खरी होती. चाचांनी लाजेने फोन केला नव्हता आणि फरहाने सासऱ्यांचा मान ठेवून. भिमाजी गेल्यावर तिने समोरचा फॉर्म तसाच ठेवला आणि पाणी प्यायली.

बुधवारी संध्याकाळी भिमाजी परत आला. या वेळी आत येऊन बसला. "काय करावं?" एवढंच म्हणाला.

तिने सांगितलं ते असं. विकायच्या रांगेत जो आधी लागतो त्याचा नंबर आधी. रोज सकाळी बरोबर नऊला ऑर्डर टाकायची. मोठं कुणी घ्यायला उतरलं की ही रांग काही मिनिटांसाठी फुटते. त्या मिनिटात आपण पुढे असलो पाहिजे.

गुरुवारी सकाळी पावणेनऊला तिच्या दुकानात पाच माणसं होती. शुक्रवारी अकरा. ओतूरचे दोघे, जुन्नरचे काही, एक निवृत्त मास्तर, चाचा स्वतः. फरहा कुणाच्या मोबाइलला हात लावत नसे. ती मधे उभी राहून मोठ्याने सांगायची, "पिन टाका. टाकला? आता ओटीपी बघा. आकडा कुणाला सांगू नका, तुमचा तुम्ही टाका." मग अकरा मोबाइल मागेपुढे वाजायचे आणि नंतर सगळे पडद्याकडे बघत बसायचे. सव्वानऊ व्हायचे. शून्य. साडेनऊ. शून्य. माणसं एकेक करून उठायची.

शुक्रवारी सगळ्यात शेवटी आदेश आला. मास्तर उठून उभे राहिले. "आता कशाला आलास रे?"

आदेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता. दाढी वाढलेली. "माझेबी अडकलेत," तो म्हणाला. "हर्षालीचे, बायकोचे दागिने मोडून घेतले व्हते. तिला अजून म्हाईत न्हाई."

"म्हणजे तुला पैसे देऊन कुणी पाठवायला लावत नव्हतं?" मास्तरांनी विचारलं.

"मला ती पानं पुण्याचा एकजण पाठवायचा. म्या पुढं ढकलायचो. त्याचा फोन सोमवारपास्नं बंद हाय."

सगळे फरहाकडे बघू लागले. तिला त्या माणसाचा राग आला होता. मंचरच्या बाजारात त्याने तिच्यावर आवाज चढवला होता, तो अजून तिच्या कानात होता. पण हर्षाली तिच्याकडे पोराचा शाळेचा फॉर्म भरायला आली होती, गोड बाई. फरहाने कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ढकललं. "बसा. मोबाइल चार्ज आहे ना?"

पुढचा सोमवार. पडझडीचा सहावा दिवस. पायरी दोनशे सदतीसवर आली होती. नऊला बारा जणांनी ऑर्डरी टाकल्या. सव्वानऊला शून्य. नऊ एकवीसला फरहाला पडद्यावर काहीतरी हललेलं दिसलं. घेणाऱ्यांच्या बाजूला दोन लाख आले होते. मग सहा लाख.

"फुटतीय," ती म्हणाली. "कुणी हात लावू नका. होऊ दे."

एकेक मोबाइल किणकिणू लागला. मास्तरांचे गेले. ओतूरच्या दोघांचे गेले. चाचांचे उरलेले बाराशे गेले. आदेशने मोबाइल दोन्ही हातांत धरला होता. तो वाजला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

भिमाजीची ऑर्डर मात्र अजून गेली नव्हती. पायरीच्या भावात विकणं जिवावर आलं म्हणून त्याने ती दोनशे पन्नासला लावली होती. तोवर भाव दोनशे सदतीसवरून दोनशे बेचाळीस झाला, मग शेहेचाळीस. पडद्यावर आठवड्यानंतर आकडा वर चढताना दिसला. आता भिमाजीची ऑर्डर कुठल्याही क्षणी जाणार होती.

"थांब!" तो ओरडला. "वर चाललाय. रद्द कसं करायचं?"

"काका, नका करू."

"अगं दोनशे पन्नास व्हतोय! मोठं कुनीतरी आलंय. तूच म्हनतीस ना, मोठं आलं की बघायचं?"

"कोण आलंय ते संध्याकाळी कळेल. आत्ता कुणालाच माहीत नाही. काका, माझं ऐका."

"बटन कुठं हाय ते सांग!"

मोबाइल त्याचा होता, शेअर त्याचे होते. तिने चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "भिमा, मी तुला त्या दिशी सांगितलं न्हाई, ते चुकलं माझं. आज सांगतो. जाऊ दे ते शेअर."

भिमाजीने बटण स्वतःच शोधलं. ऑर्डर रद्द झाली. दोनशे एक्कावन्नपर्यंत भाव गेला, सात मिनिटं टिकला आणि मग खाली येऊ लागला. भिमाजी घाईघाईने परत ऑर्डर टाकायला लागला. पिन चुकला. नऊ चाळीसला विकणाऱ्यांची रांग पुन्हा लागली, दोनशे सदतीसवर. त्याच्या पुढे एकवीस लाख शेअर उभे होते.

त्याने एकदा आदेशकडे पाहिलं. आदेश मान खाली घालून बसला होता. "ह्याचे सुटले," भिमाजी म्हणाला, "आन माझे न्हाई." मग टोपी उचलून तो बोळातून चालू लागला. चाचा त्याच्या मागे गेले.

संध्याकाळी यादी आली. घेणाऱ्यांत मोठ्या संस्थेचं एकही नाव नव्हतं. कुण्या दोघा माणसांनी सकाळी घेऊन त्याच दिवशी काढून टाकले होते.

मार्चअखेर निर्झरा सत्तरच्या घरात आला. बाजाराच्या अधिकाऱ्यांनी चौकशी लावल्याची बातमी आली, पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. आदेशने गट बंद केला. हर्षालीला त्याने सगळं सांगितलं, असं मास्तर म्हणाले. चाचा रोज साडेसातच्या गाडीने मंचरला जात राहिले. दर गुरुवारी ते पिंपरी पेंढारला भिमाजीकडेही जात, पण घरी येऊन त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भिमाजी दुकानात आला. शेतकरी ओळख क्रमांकाचा अर्ज भरायचा होता. फरहाने कागद घेतले, अर्ज भरला, प्रिंट काढून दिली. तो उठला नाही.

"यादी आली का त्या कंपनीची?"

"काल आली."

"काय म्हनती?"

"म्युच्युअल फंड शून्य. परदेशी संस्था शून्य. किरकोळ लोक एक लाख चौतीस हजार."

"त्यातला एक मी."

मग तिने रजिस्टर काढलं, जानेवारीचं पान उघडलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. पेन्सिलीची रेघ तिथे होती. "काका, मला हे तेव्हाच दिसलं होतं. महिनाभर आधी. चुकीची ठरेन या भीतीने मी कुणालाच बोलले नाही. तुम्ही तेव्हा निम्मेच घेतले होते."

भिमाजी पानाकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. फरहाला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि परत या दारात येणार नाही.

"म्या ऐकलं असतं का तुझं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"न्हाई ऐकलं असतं," तो म्हणाला. "तरीबी तू सांगायला पायजे व्हतं."

"हो."

त्याने खिशातून मोबाइल काढला, सदऱ्याला पुसला आणि टेबलावर ठेवला. "ही यादी माझ्या फोनात कुठं सापडती, ते दाव. हळू सांग. मला विंग्रजी येत न्हाई."

बाहेर दाखल्यासाठी दोन माणसं थांबली होती. फरहाने त्यांना बसायला सांगितलं आणि खुर्ची त्याच्या बाजूला ओढली.